सुश्रुताने सोडून दिलेले हाड

मोबाइलवर फिरणारी दोन एक्स-रेंची जोडी आता बहुतेकांच्या ओळखीची झाली आहे. डावीकडच्या चित्रात नडगीच्या हाडात काळी फट दिसते, उजवीकडच्या चित्रात ती भरून आलेली असते. खाली मजकूर असतो की डॉक्टरांनी दुसरे ऑपरेशन सांगितले होते, आयुर्वेदाने ते टळले. ज्या घरात कर्ता माणूस आठ-दहा महिने कुबड्यांवर आहे, त्या घरात हा मजकूर वाचून काय होत असेल, हे सांगायला नको. पहिल्या ऑपरेशनची उसनवारी फिटलेली नसते, कामावर दुसरा माणूस घेतलेला असतो आणि अस्थिरोगतज्ज्ञ म्हणत असतात, ‘रॉड बदलावा लागेल, कमरेचे हाड काढून तिथे भरावे लागेल.’ अशा वेळी काढा, लेप आणि बस्तीवर काम भागत असेल तर ते कोणाला नको आहे?

पण ते कोणाचे भागते आणि कोणाचे भागत नाही, याचे उत्तर त्या दोन चित्रांत नसते. ते उत्तर न शोधता ‘बिनाऑपरेशन हाड जोडून मिळेल’ असे सांगणे हा रुग्णावर अन्याय आहे, आणि तितकाच तो आयुर्वेदावरही आहे. कारण या शास्त्राचा मूळ ग्रंथ हाडाच्या बाबतीत आजच्या जाहिरातींपेक्षा फार सावध आहे.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि ४ लाख ४३ हजार ३६६ माणसे जखमी झाली. दुचाकीवरून पडणाऱ्याच्या शरीरात सर्वांत उघड्यावर असते ते नडगीचे हाड. त्याच्या पुढच्या-आतल्या बाजूवर स्नायूंचे पांघरूण नाही. कातडीखाली थेट हाड. त्यामुळे ते मोडले की सहज बाहेर येते, जखमेत माती जाते, आणि आधीच बेताचा असलेला रक्तपुरवठा आणखी तुटतो. लांब हाडांच्या शंभर मोडींपैकी पाच ते दहा जुळत नाहीत, असे वैद्यकीय ग्रंथांत वर्षानुवर्षे सांगितले गेले. अलीकडच्या मोजण्यांत हा आकडा कमी येतो, पण नडगीच्या उघड्या मोडीत तो चढाच राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक व्याख्या ठरवून दिली, ती जगभर वापरली जाते: दुखापतीला नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याची काहीच प्रगती दिसली नाही, तर ते ‘नॉन-युनियन’. त्याआधी रेंगाळणारे हाड हे ‘डिलेड युनियन’, म्हणजे उशिरा जुळणारे. हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत कळीचा आहे आणि जाहिरातींत तो जवळजवळ कधीच पाळला जात नाही.

न जुळणे हा एक आजार नाही. हाड मोडल्यावर तिथे रक्त साकळते, दाह होतो, दोन-तीन आठवड्यांत मऊ कूर्चेचा सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो आणि पुढे महिनोन् महिने त्याची घडण सुधारत राहते. ही साखळी कुठेही तुटू शकते. कधी दोन्ही टोकांना नवे हाड भरपूर येते, एक्स-रेत ती टोके हत्तीच्या पायासारखी रुंद दिसतात, पण मधली फट भरत नाही. इथे शरीर आपले काम जोमाने करत असते. अडचण असते ती हालचालीची. रॉड सैल आहे, प्लेट अपुरी आहे, टोके हलत राहिली आहेत. स्विस शास्त्रज्ञ स्टीफन पेरेन यांनी १९७०च्या दशकात हे गणितात मांडले: फटीतली हालचाल एका मर्यादेपलीकडे गेली की तिथे हाड तयारच होऊ शकत नाही, तंतूच तयार होतात. कधी याच्या उलट होते. टोके निमुळती, निर्जीव, नवे हाड नाहीच. इथे रक्तपुरवठा किंवा शरीराची ताकद कमी पडलेली असते. आणि कधी आत पू असतो. जंतू हाडात आणि धातूच्या रॉडवर ठाण मांडून बसलेले असतात, आणि ते तिथे असेपर्यंत दुसरे काही केले तरी उपयोग होत नाही.

तिन्ही एक्स-रेंत काळी फट दिसते. तिन्ही रुग्णांना एकच गुग्गुळ दिला तर तिघांपैकी कोणाला गुण येईल, हे फट पाहून सांगता येत नाही.

आता सुश्रुतसंहितेकडे वळू. निदानस्थानाचा पंधरावा अध्याय आणि चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय हाडमोडीला वाहिलेले आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तिथे वेगळे केलेले आहेत. चुरा झालेले, चपटे झालेले, मज्जेत घुसलेले, वाकलेले, नुसती चीर गेलेले, असे एकेक वर्णन वाचताना ज्याने हे लिहिले त्याने मोडलेली हाडे हातांनी चाचपली होती, याबद्दल शंका राहत नाही. उपचाराचा क्रमही तसाच हाताचा आहे. खाली गेलेले उचलायचे, वर आलेले दाबायचे, एकावर एक चढलेले खेचून लांब करायचे, टोके एकमेकांपाशी आणायची आणि मग बांधायचे. बांधण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन, मोह यांच्या साली आणि बांबूच्या कांबी. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून बांधायची. मांडी किंवा नडगी मोडली तर रुग्णाला फळीवर झोपवून, पाय हलू नये म्हणून फळीत पाच खुंट्या ठोकायच्या. त्यांतली एक तळव्याशी.

या अध्यायातला सर्वांत सुंदर भाग तळहाताच्या मोडीचा आहे. हाड धरल्यावर रुग्णाच्या हातात आधी मातीचा गोळा द्यायचा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले की दगड. आजच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मऊ चेंडूपासून कडक चेंडूपर्यंत जो क्रम चालतो, तोच हा.

औषध या सगळ्याच्या जोडीला येते. पहिल्या वेताच्या गाईचे दूध, तूप, मधुर वनस्पती आणि लाख. आंबट, खारट, तिखट आणि क्षार वर्ज्य. ऊन आणि श्रम वर्ज्य. पण अध्यायाचा बहुतेक भाग व्यापला आहे तो हाड जागेवर कसे आणावे आणि तिथे कसे ठेवावे याने. ‘आयुर्वेदात हाडावर औषध आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात घेतले पाहिजे. सुश्रुताची हाडमोडीची चिकित्सा ही मुळात बांधणीची चिकित्सा आहे, आणि पोटातले औषध हा तिचा आधार आहे.

मग न जुळलेल्या हाडाचे काय? निदानस्थानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात याचे उत्तर आहे आणि ते कोणत्याही जाहिरातीत छापले जात नाही. नीट जुळवलेले हाडसुद्धा चुकीचे ठेवल्यामुळे, चुकीचे बांधल्यामुळे किंवा हालचालीचा धक्का बसल्यामुळे बिघडले, तर वैद्याने ते हाती घेऊ नये, असे तिथे सांगितले आहे. जागा चुकणे, बंधन चुकणे, हालचाल होणे. आजचा अस्थिरोगतज्ज्ञ जुळत नसलेल्या हाडाच्या यांत्रिक कारणांची यादी करायला बसला तर त्याची सुरुवात याच तिघांपासून होईल. सुश्रुताने ती कारणे ओळखली होती. ती दूर करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, म्हणून त्याने प्रामाणिकपणे तो रुग्ण असाध्यांत टाकला. वाकडे जुळलेले हाड मात्र त्याने सोडले नाही. ते पुन्हा मोडावे, सरळ करावे आणि ताज्या मोडीसारखे बांधावे, असे तो सांगतो. म्हणजे जिथे हात चालत होता तिथे कठोर उपाय करायला तो कचरला नाही, आणि जिथे चालत नव्हता तिथे खोटा भरवसा दिला नाही.

सैबेरियातल्या कुर्गान गावी गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात जे केले, ते पाहिले तर हा धागा कुठे जाऊन मिळतो हे कळते. पायाभोवती धातूची कडी, त्यांतून हाडात ओवलेल्या तारा, आणि रोज थोडे थोडे दाबणे किंवा ताणणे. अनेक वर्षे नडगी न जुळलेला इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८०मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. त्यानंतर पश्चिम युरोपने ही पद्धत उचलली. ज्या न जुळलेल्या हाडाची टोके जिवंत आणि ताठरलेली असतात, त्यात पुष्कळदा फट उघडून साफ करावीही लागत नाही. नुसते नीट धरून, मोजून ताणले की नवे हाड येते. खेचणे, दाबणे, बांधणे ही सुश्रुताचीच क्रियापदे आहेत. त्याने असाध्य म्हणून बाजूला ठेवलेल्या हाडाला अखेर उपाय मिळाला तो बांधणी सुधारल्यावर.

इथे आयुर्वेदाचे अभ्यासक एक रास्त प्रश्न विचारतील. मग ज्यांचे हाड काढे, बस्ती आणि लेपावर खरोखर जुळले, ते रुग्ण खोटे बोलतात का?

मुळीच नाही. पण हाडाचा स्वभावच असा आहे की तो उपचाराला श्रेय मिळवून देतो. कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये नडगीत रॉड घातलेल्या १,२२६ रुग्णांवर झालेला ‘स्प्रिंट’ हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शल्यविशारदांना एक बंधन घातले होते: हाड जुळत नाही एवढ्या कारणासाठी पहिले सहा महिने दुसरे ऑपरेशन करायचे नाही. शेवटी न जुळल्यामुळे रॉड बदलणे किंवा हाड भरणे भाग पडले ते अवघ्या ४.६ टक्के रुग्णांत. आधीच्या अंदाजांपेक्षा हा आकडा बराच कमी होता. म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात ज्यांना ‘जुळत नाही, पुन्हा उघडावे लागेल’ असे कदाचित सांगितले गेले असते, त्यांतले कितीतरी जण नुसत्या थांबण्याने बरे झाले. अशा रुग्णाने पाचव्या महिन्यात कोणतेही औषध सुरू केले असते, तर हाड जुळल्याचे श्रेय त्याने त्या औषधाला दिले असते, आणि त्याच्या जागी कोणीही तेच केले असते.

ॲलोपॅथीच्या घरातलाही असाच एक अनुभव आहे. कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाउंडने हाड लवकर जुळते, असे छोट्या अभ्यासांत दिसले. १९९४मध्ये अमेरिकेत त्या यंत्राला ताज्या मोडींसाठी मान्यता मिळाली, पुढे न जुळलेल्या हाडांसाठीही मिळाली, आणि लोकांनी ते हजारो डॉलर मोजून घेतले. मग ५०१ रुग्णांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना खरे यंत्र, निम्म्यांना तसेच दिसणारे पण लहरी न सोडणारे. २०१६मध्ये निष्कर्ष आला की काही फरक नाही. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या गटाने हे यंत्र वापरू नये अशी शिफारस केली. वीस-बावीस वर्षे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही मनापासून मानत होते की ते काम करते. हाडाच्या बाबतीत प्रामाणिक माणसेही किती सहज फसतात, याचा हा धडा आहे आणि तो सर्व पॅथींना सारखाच लागू आहे.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे मांडायला हवी. ऑपरेशनशिवाय न जुळलेले हाड कधीच जुळत नाही, हे म्हणणेही खोटे आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यांत्रिक किंवा जंतुसंसर्गाचे कारण सापडत नाही, तरीही हाड जुळत नाही, अशा ३७ रुग्णांची त्यांनी अंतःस्रावांच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवली. ३१ जणांमध्ये चयापचयाचा किंवा ग्रंथींचा काहीतरी दोष निघाला; २५ जणांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. त्यांतल्या आठ जणांना त्या दोषावर औषध दिले, ऑपरेशन केले नाही, आणि सरासरी साडेसात महिन्यांत त्यांची हाडे जुळली. हे आठ रुग्ण म्हणजे ‘बिनाऑपरेशन’ही हाड जुळू शकते याचा पुरावा आहेत. फक्त त्यांच्या बाबतीत आधी कारण शोधले गेले.

वैद्याची खरी जागा इथे आहे. अस्थी हे वाताचे स्थान. अस्थिधातू क्षीण झाला तर दूध, तूप आणि कडू द्रव्यांचा बस्ती द्यावा, असे अष्टांगहृदय सांगते. आजच्या आयुर्वेद रुग्णालयांत हाडांच्या तक्रारींसाठी तिक्तक्षीर बस्ती दिला जातो, तो याच आधारावर. लाक्षादी गुग्गुळात लाख, कांडवेल, अर्जुन, अश्वगंधा आणि नागबला असतात. यांपैकी कांडवेलीवर, जिला कोणी हाडजोडी म्हणतात, बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात खरे प्रयोगशाळेतले काम झाले. ते करणारे डॉ. के. एन. उडुपा हे आयुर्वेदाची पदवी घेऊन पुढे परदेशात शल्यशास्त्र शिकलेले सर्जन होते. किरणोत्सारी कॅल्शियम वापरून त्यांनी प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांत कॅल्शियम कसे साठते ते मोजले, जुळलेल्या हाडाची ताकद यंत्रावर तपासली आणि कांडवेलीने जुळणी लवकर होते असे दाखवले. अलीकडे जबड्याच्या मोडींवर छोट्या रुग्णगटांत तिचे प्रयोग झाले आहेत. साठ वर्षांत एवढ्या चांगल्या सुरुवातीपुढे मोठी, तुलनात्मक चाचणी उभी राहू नये, याचे दुःख आयुर्वेदाच्या विरोधकांपेक्षा समर्थकांना अधिक व्हायला हवे. शिवाय हे काम ताज्या मोडीचे आहे. ताज्या मोडीत वेग वाढवणारे द्रव्य नऊ महिने निर्जीव पडलेल्या टोकांना जाग आणील, हा वेगळा दावा आहे आणि तो वेगळाच सिद्ध करावा लागेल.

आणखी एका गोष्टीत वैद्य अस्थिरोगतज्ज्ञाच्या पुढे असतो. तो पथ्यावर बोलतो, आणि वेळ देऊन बोलतो. अमेरिकेत पायाच्या गंभीर दुखापतींचा मोठा पाठपुरावा झाला, त्यात नडगीची उघडी मोड झालेल्या धूम्रपींचे हाड जुळण्याची शक्यता धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी निघाली. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, मग ते धुरातून येवो की तोंडातून. महाराष्ट्रात २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात ओढणारे प्रौढ चार टक्क्यांहून कमी होते, पण खाणारे-चोळणारे २४.४ टक्के होते. दर चौथ्या माणसाच्या गालात तंबाखू किंवा दातांवर मिश्री असताना ऑर्थोपेडिक ओपीडीत ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारले गेले आणि ‘नाही’ ऐकून पुढे गेले, तर कारण तिथेच निसटते. याउलट वैद्याने तीन महिने कडक पथ्य पाळायला लावले, तंबाखू सोडवली, दूध, डाळी आणि सकाळचे ऊन सुरू केले, मधुमेह आटोक्यात आणायला भाग पाडले, तर त्या रुग्णाचे हाड जुळण्याची शक्यता खरोखर वाढते. त्यात गुग्गुळाचा वाटा किती आणि पथ्याचा किती हे वेगळे काढायला चाचणी लागेल, पण रुग्णाचे भले झालेले असते.

धोका कुठे आहे, हेही तितकेच नेमके सांगता येते. जखमेतून पाणी किंवा पू येत असेल तर घरी लेप लावून महिने घालवणे म्हणजे हाड कुजू देणे आहे. खुब्याजवळचे मांडीचे हाड, म्हणजे त्याची मान, जुळत नसेल तर दर महिन्याला वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आणि आकार पणाला लागतो. उशीर झाला की हाड वाचवण्याची वेळ जाते आणि कृत्रिम सांधा बसवावा लागतो. मनगटातले होडीच्या आकाराचे लहान हाड जुळले नाही तर सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून माणूस काम करत राहतो, आणि काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. रॉड किंवा प्लेट तुटलेली किंवा सैल असेल, पाय फटीत हलताना जाणवत असेल, तर तिथे जोर लावून मालिश करणे सुश्रुताने सांगितलेल्या तिसऱ्या कारणालाच खतपाणी घालते.

घट्ट बांधण्याचा धोका सर्वांत जुना आहे. आंध्र प्रदेशातल्या पुत्तूरची पट्टी दक्षिणेत प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही गावोगावी हाडवैद्य आहेत आणि तालमींत निखळलेला खांदा बसवणारे वस्ताद आहेत. त्यांच्या हातात कौशल्य असते, हे नाकारणे उद्धटपणाचे ठरेल. पण ताज्या मोडीवर बांबूच्या कांबी आवळून बांधल्या आणि आत सूज वाढली, तर स्नायूंचा रक्तपुरवठा काही तासांत थांबतो. बोटे आखडून कायमची वाकडी होतात, कधी हात किंवा पाय कापावा लागतो. गावठी बांधणीनंतर अवयव काळा पडण्याच्या नोंदी आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या रुग्णालयांच्या कागदपत्रांत भरपूर सापडतात. हा इशाराही सुश्रुताने देऊन ठेवला आहे: पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून बंध मध्यम असावा. बोटे बधिर झाली, निळी-पांढरी पडली, किंवा बोट हळूच ताणले तरी जीव जाईल असे दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सोडायची असते.

भस्मयुक्त औषधांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पाचातल्या एकाहून अधिक औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शरीरात शिरलेले शिसे प्रामुख्याने हाडातच साठते, आणि शिसे दिलेल्या उंदरांत मोडलेले हाड जुळायला अडथळा येतो, असे २००५च्या एका अभ्यासात दिसले आहे. हाड जुळावे म्हणून घेतलेल्या पुडीत हाडाचाच शत्रू असू नये, यासाठी रुग्णाने निदान एवढे करावे की नाव-पत्ता, घटकद्रव्ये, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नये. चांगला वैद्य या मागणीने रागावत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांचीही यात जबाबदारी आहे. लोक दुसऱ्या ऑपरेशनपासून पळतात ते केवळ अंधश्रद्धेने नाही. पहिल्या वेळी हाड का जुळले नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एक्स-रे खिडकीकडे धरला जातो, ‘गॅप आहे’ एवढे वाक्य येते आणि खर्चाचा आकडा येतो. ड जीवनसत्त्व, साखर, थायरॉइड, जंतुसंसर्गाच्या रक्ततपासण्या, हे सारे दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी व्हायला हवे आणि त्याचा अर्थ रुग्णाला त्याच्या भाषेत कळायला हवा. ऑपरेशन न करताही हाड जुळवण्याची परंपरा ॲलोपॅथीतही आहे. दंडाच्या हाडावर बाहेरून घालायच्या पट्ट्याने उपचार करणारे अमेरिकेतले ऑगस्तो सार्मिएन्तो यांनी २०००मध्ये ६२० रुग्णांचा पाठपुरावा मांडला. बंद मोडींत न जुळण्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. चिरफाड टाळण्याची इच्छा कोण्या एका पॅथीची मक्तेदारी नाही.

मग करायचे काय? महाराष्ट्राला एक सोय आहे जी पुष्कळ राज्यांना हेवा वाटावा अशी आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ॲलोपॅथी आणि आयुर्वेद या दोन्ही शाखांच्या महाविद्यालयांचे एकच विद्यापीठ आहे. पुणे आणि मुंबईत तर आयुर्वेद महाविद्यालय आणि मोठे ऑर्थोपेडिक विभाग एकाच शहरात आहेत. शल्यतंत्राचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. नडगीत रॉड आहे, तो पक्का आहे, जंतुसंसर्ग नाही, चार ते सहा महिने झाले आणि जुळणी रेंगाळली आहे, असेच रुग्ण घ्यावेत. सर्वांना पोषण, ड जीवनसत्त्व आणि तंबाखूमुक्ती सारखीच द्यावी. अर्ध्यांना त्याखेरीज तिक्तक्षीर बस्ती आणि लाक्षादी गुग्गुळ द्यावा. एक्स-रे वाचणाऱ्याला कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसावे. ज्यांचे हाड जुळले नाही त्यांचीही नोंद निकालात यावी. चिठ्ठ्या टाकून गट करणे, दर सहा आठवड्यांनी एक्स-रे, एक वर्षाचा पाठपुरावा, यात कुठलेही नवे यंत्र लागत नाही.

निकाल काहीही लागला तरी फायदा रुग्णाचा आहे. गुण आला तर हजारो लोकांचे दुसरे ऑपरेशन टळेल आणि उडुपांनी सुरू केलेले काम पुढे जाईल. गुण आला नाही तर अल्ट्रासाउंडच्या यंत्रासारखेच हे औषध बाजूला ठेवून वैद्यांना पथ्य, पोषण आणि पुनर्वसन या आपल्या बलस्थानांवर लक्ष देता येईल. तोपर्यंत राज्यातल्या प्रत्येक आयुर्वेद रुग्णालयाने एवढे तरी ठरवावे, की न जुळलेल्या हाडाचा रुग्ण आला तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडून कारण लेखी घ्यायचे, पू किंवा तुटलेला रॉड असेल तर त्याच दिवशी पाठवून द्यायचे, आणि बाकीच्यांना किती महिन्यांत काय दिसले नाही तर हा उपचार थांबवायचा, ती तारीख पहिल्याच केसपेपरवर लिहायची. वर सुचवलेल्या चाचणीची नोंद करण्यासाठी देशाची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री २००७पासून सुरू आहे. तिथे आयुर्वेदाच्या चाचण्याही नोंदवता येतात आणि नोंदणीला शुल्क लागत नाही.